वरचं नाव

कणसं खुडता खुडता गुणाबाईचा हात थांबला. गावाच्या अंगानं पहारीचे ठोके येत होते. मातीच्या भिंतीत पहार शिरली की भसकन आवाज होतो. हा आवाज तसा नव्हता. हा दगडाचा होता.

“केवळे, कुणाचं घर पाडायलेत गं?”

सून केवळाबाई मानेवरचं कणसांचं कूस पदरानं झाडत होती. “घर न्हाई, जुनी शाळा. अमृतभावजींनी लिलावात घेतली न्हवं का. दगडं जळकोटला चाललीत.”

“आन् मला आत्ता सांगतीस?”

“आधी सांगितलं असतं तर तुमी रान सोडून पळाल्या असत्या. ज्वारी कुणी खुडली असती?”

“तुझा बाप येईल खुडायला,” म्हणत गुणाबाईनं ओट्यातली कणसं ढिगावर भिरकावली, विळा कमरेला खोवला आणि बांध धरला. चपला रानातच राहिल्या. ढेकळं तव्यासारखी तापली होती, पण परत फिरायला ती थांबली नाही.

शाळा निजामाच्या अमदानीतली, काळ्या दगडाची. किल्लारीकडं धरणी हलली त्या पहाटे तिच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली, आणि तेव्हापासून दगडाखाली लेकरू बसवायला गावातलं कुणी तयार होईना. माळावर पत्र्याची शाळा झाली. उन्हाळ्यात लेकरं भाजून निघायची, पण आया निवांत असायच्या. पुढं ज्याला जमलं त्यानं लेकरू लातूरला धाडलं, ज्याला नाही जमलं त्यानं जळकोटला, आणि पत्र्याची शाळाही निम्मी ओस पडली. जुन्या शाळेत लोक शेरडं बांधायचे, गोवऱ्या रचायचे. दर्शनी भिंतीतला धोंडा मात्र होता तिथंच होता. त्याच्यावर खांद्याला बंदूक लावलेला शिपाई कोरलेला आणि शिपायाच्या पायाखाली दोन नावं. वर शिपाई फारूक, खाली शिपाई शेषेराव. दोघं ह्याच गावचे, बरोबर भरती झालेले, एकाहत्तरच्या लढाईत गेलेले. दोघांची माती तिकडंच झाली. गावाला मिळाला तो एवढा धोंडा.

शेषेराव गुणाबाईचा नवरा. फारूक मण्याराच्या शहजादीचा. फारूक दोन दिवस आधी पडला म्हणून त्याचं नाव वर. हे गुणाबाईला तेव्हाही पटलं नव्हतं. पाटलाचं घर खाली आणि बांगड्या विकणाऱ्याचं वर? कमरेवर हात ठेवून ती तहसीलदाराशी भांडली होती, “आधी मेला म्हणून बक्षीस द्यायलाव का?” तहसीलदारानं ऐकलं नाही. मग तिनं आपली सोय आपण केली. दर झेंड्याच्या दिवशी ती असा जाड हार घालायची, की वरचं नाव झेंडूत बुडून जावं. शहजादी तिच्या मागून यायची, दोन बोटांनी हार बाजूला सारायची, फातिहा पढायची आणि हार तसाच सारलेला ठेवून निघून जायची. चाळीस वर्षांत दोघी एकमेकींशी सरळ बोललेल्या नव्हत्या. शाळा बंद पडली, मास्तर गेले, झेंडा माळावर गेला. ह्या दोघी मात्र लेंड्यांतून वाट काढत तिथंच यायच्या.

गुणाबाई पोचली तेव्हा भिंत बसली होती आणि धोंडा निघाला होता. पोत्यावर उताणा ठेवला होता. दगड फोडायला आलेली सिद्धम्मा त्याच्यापुढं उकिडवी बसून शिपायाच्या कपाळाला कुंकू लावत होती.

“हात काढ गं! कुंकू कशाला लावायलीस?”

सिद्धम्मा कर्नाटकाकडली. ती हसून म्हणाली, “देवरु हाय अम्मा. वीर. आमच्याकडं असल्या वीराला शेंदूर लावत्यात.”

“देव न्हाई. नवरा हाय माझा.”

सिद्धम्मानं जीभ चावली, आणि धोंड्याला आणखी एकदा हात जोडले.

तेवढ्यात अमृतराव आला. भावकीतला पुतण्या, गावचा सरपंच. पायात पांढरे बूट, त्यांच्यावर धुरळा बसू नये म्हणून दगडादगडावर पाय देत आला. “काकू, एवढ्या उन्हाचं आलाव?”

“धोंडा हितंच राहील, अमृता.”

“हितं कशाच्या आधाराला राहील? भिंतच न्हाई तर. माळावरल्या शाळेत न्यावा म्हणलं तर पत्र्याच्या भिंतीत धोंडा कसा बसंल? उद्या लेकराच्या पायावर पडला की बोंब माझ्या नावानं.” त्यानं आवाज खाली घेतला. “माझ्या सत्यमचा क्लास हाय जळकोटला, सडकेला लागून. त्याच्या फाटकात बसवतो, मानानं. हितं बघायला कोण हाय? शेरडं. आन् सुकन्याची अकरावी सरत आली न्हवं? तिला हॉस्टेलला धाडा. शहिदाची नात. तिच्याकडनं फी घेईन का मी?”

नातीचं नाव निघालं आणि गुणाबाईचा जबडा सैल पडला. पोरगी हुशार होती. तिचा बाप भीमा किल्लारीच्या कारखान्यावर राबायचा आणि घरी यायचा तो सणावारालाच.

“सरपंच.”

डोक्यावरची बांगड्यांची पेटी दोन्ही हातांनी उतरवत शहजादी उभी होती. कोरडी, काटकुळी बाई. “वरचं नाव माझ्या घराचं हाय. मेरेकू कुणी विचारलं?”

अमृतरावानं गुणाबाईकडं बघितलं. गुणाबाईनं सिद्धम्माकडं बघितलं. “सांग तिला. माझं माणूस माझ्या नातीजवळ चाललंय. तिचं सोबतीला येतंय तर येऊ दे.”

“सिद्धम्मा, तू बी सांग,” शहजादी म्हणाली. “मुर्दा दुसऱ्याचा असला की विचारून उचलावा लागतो.”

सिद्धम्मा दोघींच्या मधी बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली. संध्याकाळी ट्रॅक्टर भरून गेला.

*

मेच्या भर उन्हात गुणाबाई हॉस्टेलातल्या सुकन्यासाठी दशम्यांचं गाठोडं घेऊन जळकोटला उतरली. क्लासच्या फाटकापाशी पोरांची रांग लागली होती. ती पुढं सरकली तसा एक चष्मेवाला पोरगा खेकसला, “ओ आज्जी, चप्पल काढा की! देव दिसत न्हाई का?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नवऱ्यापुढं तिला चप्पल काढायला लावली. तिनं काढली. सिमेंटची फरशी चरचर पोळली.

शिपायाच्या तोंडावर शेंदूर थापला होता. बंदूक शेंदरात गेली होती, नाक-डोळे गेले होते, नुसता तांबडा गोळा उरला होता. पुढं नारळाच्या शेंड्यांचा ढीग.

“कुणाचा देव हाय रे?”

“शिपाईबाबा. लई कडक हाय. सीईटीला जाताना नारळ फोडला की फिजिक्स सुटतंय.”

गुणाबाईला हसू आवरेना. “अरं बाबा, ह्यो चौथी नापास हाय! पाढा येईना म्हणून मास्तरानं बदडला, त्यो तिकडूनच पळाला आन् पुढं भरती झाला. तुला काय फिजिक्स देतोय?”

पोरं एकमेकांकडं बघून हळूच हसली. म्हातारी सरकलेली दिसते. तिच्या मागच्यानं तिच्या खांद्यावरून नारळ आपटला आणि पाणी तिच्या लुगड्यावर उडालं.

तिनं खाली वाकून बघितलं. शेंदूर शिपायाच्या पायावरून ओघळून वरच्या नावावर आला होता. आला तो कुणीतरी हातानं सारखा केला होता. फारूक दिसत नव्हता. त्याच्याखाली शेषेराव मात्र स्वच्छ होता, धुतल्यासारखा. गुणाबाई गुडघ्यावर हात टेकून तशीच वाकून राहिली. जिभेखाली गूळ विरघळावा तसं काहीतरी आत विरघळत गेलं. गावात परतल्यावर तिनं हापशावर सगळ्या बायांना ऐकवलं, “पोरं रांगा लावायलीत, रांगा. आधी मेला म्हणून कुणी मोठा होत न्हाई.”

ते शहजादीच्या कानावर जायला वेळ लागला नाही. पुढच्या बाजारात, मुखेडला, गुणाबाई शेंगांची पिशवी घेऊन चालली होती. शहजादीनं बाजेवर बांगड्या मांडल्या होत्या. मधे कुणी सांग्या नव्हता. शहजादीनं सरळच हाक मारली.

“पाटलीणबाई. तुझा माणूस देव झाला, मुबारक. माझ्या माणसावर शेंदूर का?”

“मी लावला का?”

“काढला बी न्हाईस.”

“माझ्या हातात हाय का ते?”

“मी गेले होते फाटकात. त्यो सत्यम म्हणतो, खाला, हितं उभं राहू नका, लोक बिचकायलेत.” शहजादीच्या हातातला बांगड्यांचा डझन किणकिणला. “चाळीस वर्षं तू फुलानं झाकलंस. मी बोलले का कधी? फुलाचं काय, सांजच्याला वाळतंय, गळतंय. शेंदूर गळत न्हाई गे.”

बाजूच्या बाया बघायला लागल्या होत्या. गुणाबाईच्या तोंडात आलं ते तिनं अडवलं नाही. “तुझ्या माणसालाच मरायची घाई झालती. आता भोग.”

शहजादी समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “हात दे माय,” आणि तिची मूठ दाबून बांगडी चढवायला लागली. त्या पोरीला लागलं असावं. ती “आई गं” म्हणाली. शहजादीच्या हातून गिऱ्हाइकाला लागलेलं मुखेडच्या बाजारात कुणी ऐकलेलं नव्हतं.

*

मृगाच्या तोंडावर क्लासची नवी तुकडी बसायची होती. अमृतरावानं जीप धाडली. शिपाईबाबावर पत्र्याची छत्री घातली होती, तिची पूजा होती आणि पहिला मान गुणाबाईचा होता. केवळाबाईनं ठेवणीतलं लुगडं सासूला स्वतः नेसवलं. “आत्याबाई, तिथं तोंड सांभाळा बरं. पोरगीचं वरीस हाय.”

फाटकात मांडव. पालक खुर्च्यांवर, पोरं उभी. सुकन्या पोरींच्या रांगेत, केसांना तेल लावून, आजीकडं बघून हसत. अमृतरावाचा सत्यम लातूरला शिकलेला, बोलायला गोड. त्यानं शेंदराची वाटी गुणाबाईच्या हातात दिली आणि कानाशी वाकला.

“आज्जी, वरून खालपर्यंत सगळं एकसारखं करा. वरचं नाव थोडं वर आलंय, ते नीट झाका. आन् खालचं पण.”

“खालचं कशाला?”

“पालक वाचतात. विचारतात, कोण शेषेराव, कुठला. नाव असलं की माणूस होतो त्यो, आज्जी. देवाला नाव-गाव नको.”

“म्हंजे दोन्ही?”

“दोन्ही. पयला हात तुमचा.”

गुणाबाईनं वाटीत बोटं घातली. शेंदूर तेलात कालवलेला होता. बोटं बुळबुळीत झाली. सडकेच्या पलीकडं, पानाच्या टपरीच्या सावलीलाही न जाता, शहजादी उन्हात उभी होती. डोक्यावर पेटी. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं. ती काही बोलतही नव्हती.

अशीच तेलाची बोटं. शेषेरावाची तार आली त्या दिवशी भावकीतल्या बाया उंबऱ्याशी वरवंटा घेऊन बसल्या होत्या. गुणाबाईला दोघींनी धरलेलं, हात उंबऱ्यावर दाबलेला. बांगड्या फोडायच्या होत्या. तेवढ्यात शहजादी आत आली. तिच्या स्वतःच्या घरी तार येऊन दोन दिवस झाले होते. हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. तिनं कुणाला विचारलं नाही. गुणाबाईचा हात ओढून घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबलं आणि हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एक फुटली नाही. हाताला एक ओरखडा नाही. “हाताला कशाला जखम,” एवढंच म्हणाली आणि बांगड्या पदरात बांधून गेली. रडणाऱ्या बायांनी रडणं थांबवून ते बघितलं होतं. त्या बघण्याचा राग गुणाबाईनं त्या दिवसापासून धरला होता. पाटलाच्या सुनेची कीव मण्यारणीनं करावी, आणि ती गावानं बघावी.

“आज्जी, मुहूर्त चाललाय,” सत्यम म्हणाला.

गुणाबाईनं वाटी खाली ठेवली. बोटं ठेवणीतल्या लुगड्याला पुसली. केवळाबाईच्या तोंडून ‘अगं माय’ निघालं. नारळ सोलायचा कोयता शेंड्यांच्या ढिगात पडला होता. गुणाबाईनं तो उचलला, धोंड्यापुढं फतकल मारली आणि शिपायाच्या पायाखालचा शेंदूर खरडायला लागली. खर्र, खर्र. तांबडी खपली निघून तिच्या मांडीवर पडली.

“देवाला लोखंड लावायली!” कुणीतरी ओरडलं.

सत्यमनं तिचं मनगट धरलं. “आज्जी, येडं लागलं का?”

“हात सोड. देव आसंल तुझा. माझा नवरा हाय. नवऱ्याला आंघोळ बायकोनं घालायची. तू कोण मधी?”

“आवो, पण हे नाव तुमच्या नवऱ्याचं न्हाई!”

“त्याच्या सोबतीचं हाय. सोबत्याला बिगरआंघोळीचा ठिवू का?”

अमृतराव मांडवातून धावत आला, पण म्हाताऱ्या बाईच्या हातातल्या कोयत्याजवळ जायला तो धजावला नाही. कोयता खरडत राहिला. अक्षर अक्षर वर आलं. पुढच्या खुर्चीतल्या एका बाईनं मान लांब करून ते मोठ्यानं वाचलं, “शिपाई फारूक.” वाचल्यावर ती उठली, पूजेच्या ताटातला आपला नारळ परत उचलला, पिशवीत घातला आणि लेकाचा हात धरून फाटकाबाहेर पडली. तिच्यामागं दुसरी उठली.

“सुकन्याचं वाटोळं केलंव तुमी,” केवळाबाई दातांतून म्हणाली. सुकन्या आता हसत नव्हती.

गुणाबाईनं वर बघितलं तेव्हा सडकेच्या पलीकडं कुणी नव्हतं.

*

दिवे लागायच्या आत टेम्पो दारात आला. दोघांनी फळी लावून धोंडा ढकलला. तो धाडकन नालीच्या काठावर पालथा पडला. त्याच्यामागून सुकन्याची पत्र्याची पेटी आली, मग वळकटी, मग सुकन्या. अमृतराव पुढच्या सीटवरून उतरलाही नाही, दार उघडून एक पाय तेवढा बाहेर सोडला.

“घ्या तुमचा धोंडा. आन् ही घ्या पोरगी. बाटवून ठिवला दोन घंट्यात. नारळ परत मागायलेत लोक माझ्याकडं.”

“अमृता, बूट जप,” गुणाबाई म्हणाली. “नालीत चाललाय.”

टेम्पो गेला. केवळाबाई चुलीपुढं बसली ती उठेना. त्या दिवसापासून ती सासूशी बोलायची बंद झाली. भाकरी थापून ताट पुढं सरकवायची, तेही पायानं सरकवल्यासारखं. गुणाबाई जेवायची. ह्या घरात अबोला कसा धरायचा हे सून तिच्याकडूनच शिकलेली होती.

दुसऱ्या सकाळी गुणाबाई झाडायला निघाली तर नालीपाशी शहजादी उभी. हातात पहार.

“तू कशाला आलीस?”

“माझा माणूस तोंडावर पडलाय.”

गुणाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. शहजादीनं पहार धोंड्याखाली घातली, गुणाबाईनं टेकूला दगड सरकवला. दोघी पहारीवर लोंबल्या. धोंडा चार बोटं उचलला आणि परत बसला. शहजादीच्या बोटाचं सालपट निघालं. गुणाबाईच्या कमरेत कळ आली, ती जमिनीवरच बसली.

“नुसती तोंडाची ताकद हाय तुझ्यात,” शहजादी बोट चोखत म्हणाली.

“तुझ्यात ती बी न्हाई. पहार आत घाल, आत. बांगडी चढवायची न्हाई हितं.”

सुकन्या आतून बघत होती. आई काय म्हणेल म्हणून जरा थांबली, मग येऊन तिनं तिसरा खांदा लावला. धोंडा उलटला. शेंदरात चिखल माखून शिपाई वर बघत होता. गोठ्याच्या भिंतीला लागून त्यांनी हातभर खड्डा घेतला. धोंडा उभा करायच्या वेळी गुणाबाईनं हात काढला आणि डोकं खाजवलं.

“उलटा रोवला तर माझं वर येतंय.”

“रोव की,” शहजादी म्हणाली. “तुझा माणूस डोक्यावर उभा राहील जन्मभर.”

सुकन्याला हसू फुटलं. गुणाबाईनं तिच्याकडं डोळे वटारले आणि धोंडा सरळ रोवला.

शेंदूर निघता निघेना. रॉकेलची चिंधी फिरवून सुकन्यानं शिपायाचं तोंड मोकळं केलं. खालचं नाव पहिल्यासारखं झालं. वरच्या नावाच्या खाचांत मात्र लाल राहिला तो राहिलाच. पाऊस लागला. सुकन्या मुखेडच्या कॉलेजला जायला लागली, सकाळच्या एसटीनं, दाराला लोंबकळत. संध्याकाळी आली की भिजलेली पुस्तकं चुलीपाशी उभी करायची. केवळाबाई ती पुस्तकं बघायची, मग सासूकडं बघायची आणि भाकरी जोरानं थापायची.

सतरा सप्टेंबरला माळावरच्या शाळेत मुक्तीचा झेंडा लागला. चार-दोन लेकरांचा आवाज आला, तोही थांबला. गुणाबाईनं अंगण सारवलं, धोंडा धुतला आणि हार घातला. मग गोठ्यात जाऊन उगाच म्हशीपुढं वैरण टाकत बसली.

शहजादी आली. सवयीनं तिची दोन बोटं हार सारायला पुढं झाली आणि तिथंच थांबली. हार बारीक, सुतळीएवढा. तो शिपायाच्या गळ्यातच संपला होता. खाली दोन्ही नावं उघडी होती, एक लाल, एक काळं.

“हार लई बारका झाला यंदा,” शहजादी गोठ्याकडं बघून म्हणाली.

“झेंडूच आला न्हाई.”

शहजादीनं मान वळवली. आडाच्या कडेनं झेंडू असा फुलला होता, की ताटवे वाकून चिखलाला टेकले होते.

“दिसायलंय,” ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन तिनं हात पसरले.